टीव्हीमागची वायर नाहीशी करणाऱ्यांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय इंटिरिअर डिझायनर महोदय,
मुक्काम : नव्याने ताबा मिळालेला कुठलाही टू-बीएचके, पुणे-मुंबई-नाशिक.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

सर्वप्रथम आपलं हार्दिक अभिनंदन. आपण सजवलेल्या हॉलमधला 65 इंची टीव्ही फ्लूटेड पॅनलवर असा तरंगतो की, याला वीज मिळते तरी कुठून, असं वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी आळीपाळीने विचारलं. साउंडबार बिनतारी, मागचे दोन स्पीकर बिनतारी, इंटरनेट बिनतारी. राउटर तेवढा दिसायला बरा नव्हता. म्हणून आपण त्याची रवानगी दाराजवळच्या चपलांच्या कपाटात केलीत. कपाटाला बाहेरून पूर्ण उंचीचा आरसा. सौंदर्यदृष्टी म्हणतात ती हीच!

पाहुणे गेले आणि घरच्यांनी टीव्ही लावला. तिथून पुढची हकीकत आपल्या पोर्टफोलिओतल्या फोटोंत येत नाही.

टीव्ही आणि साउंडबार यांच्यात अंतर हातभर. पण एचडीएमआय केबल खाली उतरवायला पॅनलमध्ये भोक नाही, म्हणून जोडणी ब्लूटूथची. आता ब्लूटूथ आवाज आधी दाबून लहान करतं, मग पाठवतं, मग पलीकडचं यंत्र तो उलगडतं. साध्या एसबीसी पद्धतीत यात बऱ्याचदा दीडशे-दोनशे मिलिसेकंद जातात. आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला किंवा 125 मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवू लागतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 1998 सालीच नोंदवून ठेवलं आहे. टीव्हीतली ॲप चित्र थोडं रोखून धरून ही तफावत झाकू शकतात. गेमिंग कन्सोलला ती सोय नाही. तिथे बटण दाबल्यावर गोळी सुटते आणि आवाज नंतर येतो. धाकट्या चिरंजीवांनी याबद्दल आपल्याविषयी काढलेले उद्गार या पत्रात देता येत नाहीत.

त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. यजमानांनी डॉल्बी ॲटमॉस लिहिलेला साउंडबार हप्त्याने घेतला. नेहमीच्या ब्लूटूथवरून डावा आणि उजवा असे दोनच चॅनेल जातात. छतावरून पावसाचा आवाज यायचा तर टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या खाचेत एचडीएमआय केबल लागते. एआरसी 2009 पासून आहे, ईएआरसी 2017 च्या एचडीएमआय 2.1 पासून. हातभर वायर वाचवून आपण साउंडबारचं अर्धं काम काढून घेतलंत, हप्ता मात्र पूर्ण चालू आहे.

आता ते बिनतारी मागचे स्पीकर. त्यांना सिग्नल हवेतून मिळतो, वीज नाही! सोफ्यामागे आपण प्लग पॉइंट ठेवला नव्हता. सबब, आपल्या निवडीच्या उंची गालिच्याखालून सध्या एक पांढरं एक्स्टेंशन बोर्ड सरपटत गेलेलं आहे. यात कमीपणा मानू नये. 2023 च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात एलजीने 97 इंची टीव्ही दाखवला. चित्र-आवाज वेगळ्या डब्यातून हवेने येतात आणि तो डबा खोलीत दूर कुठेही ठेवता येतो. त्यालाही विजेची वायर आहेच.

चपलांच्या कपाटातल्या राउटरबद्दल काय लिहावे? आरशामागचा धातूचा लेप लहरी परतवतो, आरसीसीची भिंत उरलेल्या गिळते. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे 2005 मध्ये परवानामुक्त झाला, आणि एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल त्यात तीनच मिळतात : एक, सहा आणि अकरा. सोसायटीतली झाडून सगळी कुटुंबं त्या तिघांत दाटीवाटीने बसलेली, त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.45 वरच तापणार. पाच गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे, आणि 2018 मध्ये ती आणखी मोकळी झाली. पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर नांगी टाकतात. म्हणजे ज्याला उघड्यावर, घराच्या मध्यावर बसवायचं, त्यालाच आपण कोंडून ठेवलंत.

वायरीचा राग आपणच काढला असं नाही. 1950 मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीने ‘लेझी बोन्स’ नावाचा रिमोट आणला. तो वायरीने टीव्हीला जोडलेला असायचा आणि लोक त्या वायरीत पाय अडकून धडपडायचे. 1956 साली रॉबर्ट ॲडलर यांचा ध्वनिलहरींवर चालणारा रिमोट आला आणि गुडघे वाचले. रिमोट हातात फिरणारी वस्तू, त्याची वायर गेली ते योग्यच झालं. भिंतीला आठ स्क्रूंनी ठोकलेला टीव्ही कुठे फिरायला जाणार आहे?

आणि इकडे मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला दूरदर्शन सुरू झालं ते हवेतूनच आलं. मग नव्वदच्या दशकात केबलवाल्याची वायर गच्चीगच्चीवरून आली, त्यानंतर डीटीएचची छत्री, आता पुन्हा फायबरची वायर थेट दारात. उंबऱ्यापर्यंत काचेच्या तंतूतून आलेलं इंटरनेट पुढच्या वीस फुटांसाठी चपलांच्या हवाली करायचं, ही कल्पना मात्र सर्वस्वी आपली.

तरी पुढच्या कामात, प्लॅस्टर व्हायच्या आत, एवढं करावं. भिंतीत झिरी मारताना टीव्हीपासून खालच्या युनिटपर्यंत दोन इंची पाइप टाकावा. पाऊण इंचीतून एचडीएमआयचं डोकंच जात नाही आणि ते छाटून पुन्हा बसवताही येत नाही. लॅन केबलचं तसं नसतं. ती ओढून घ्यावी, टोक मागाहून लावावं, शंभर मीटरपर्यंत ती कुरकुरत नाही. लांब अंतरासाठी ऑप्टिकल एचडीएमआय घेतली तर तिला दिशा असते, हे सुतारालाही सांगून ठेवावं. उलटी गाडली गेली तर पॅनल फोडण्यावाचून गत्यंतर नाही. विजेच्या पाइपात यातलं काहीही कोंबू नये. पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवावी, पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एचडीएमआय केबल
(खोक्यातच पडून)

ता. क. : बिलात ‘लॅन पॉइंटमुळे टीव्हीचा वेग वाढेल’ असं कृपया लिहू नये. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट अजून 100 मेगाबिटचाच असतो आणि स्पीड टेस्टमध्ये चांगलं वाय-फाय त्याच्यावर सहज मात करतं. नेटफ्लिक्स 4के चित्रासाठी 15 मेगाबिटच मागतं, त्यामुळे टीव्हीचं दोन्हींवर भागतं. तो पॉइंट हवा आहे राउटरला हॉलमध्ये आणण्यासाठी आणि चिरंजीवांच्या कन्सोलसाठी. आजोबांचे रात्रीचे हेडफोन मात्र ब्लूटूथचेच राहू द्यावेत. ते टीव्ही लावून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातात.