रिमॅपवाले दादा

अकोला बायपासवर दादांची गाडी आधी ऐकू येते, मग वासावरून ओळखू येते आणि सगळ्यात शेवटी दिसते. पांढरी, उंच, डिझेल. काचा काळ्या, टायर मडगार्डच्या चार बोटं बाहेर आलेले आणि एमएच ३८ च्या पुढचा ४१४१ हा नंबर अशा वळणानं काढलेला, की वाचणाऱ्याला त्यात 'दादा' दिसावं. असे दादा हिंगोलीत एकच नाहीत. कळमनुरीला आहेत, आणि वसमतला हळदीला भाव आला की चार-दोन नवे तयार होतात. १९९९ साली परभणीतून जिल्हा वेगळा झाला, गाड्यांना स्वतःचा नंबर मिळाला, त्याचं खरं चीज या मंडळींनी केलं. मी सांगतोय ते दादा म्हणजे या सगळ्यांची मिळून एक प्रत समजा.

दादांनी गाडी शोरूममधून काढली तेव्हा ती बीएस सहा होती. आता ती नेमकी काय आहे, हे कंपनीच्या माणसालाही सांगता येणार नाही.

सुरुवात एका पिवळ्या दिव्यानं झाली. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस सहा लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाचा फिल्टर आला. धुरातली काजळी तो अडवून ठेवतो आणि पुरेशी साठली की साधारण सहाशे अंशांच्या उष्णतेत जाळून टाकतो. त्यासाठी गाडी मोठ्या रस्त्यावर थोडा वेळ एका लयीत पळावी लागते. दादांची गाडी घर ते गांधी चौक, तिथून मोंढा आणि मोंढ्यातून घर एवढीच फिरायची, तीही काच खाली करून दर पन्नास पावलांवर रामराम घेत. काजळी जळणार कधी? दिवा लागला. अशा वेळी गाडी लांब पळवा, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक दादांनी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेलं नाही. त्यांनी डीपीएफच काढला.

एक काढला म्हणजे पुढचं ओघानं आलं. थोडा धूर परत इंजिनात पाठवणाऱ्या ईजीआरला पत्रा मारला. एक पोरगा लॅपटॉप घेऊन गाडीत बसला, वायर जोडली, इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं, म्हणजे रिमॅप केलं, आणि अर्ध्या तासात उतरला. दिवा गेला, पिकअप आला.

"इंजिनचं डोकंच बदललं ना भाऊ," दादा सांगतात. ॲक्सिलरेटर दाबला की मागं काळा लोट उठतो आणि मागचा मोटारसायकलवाला दिसेनासा होतो. दादा आरशात बघून म्हणतात, "बघा, पॉवर!"

मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीत असे मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड आहे. एका वकिलानं चहा पिता पिता हे दादांना सांगितलं. दादांनी बोटांवर बदल मोजायला घेतले, दुसऱ्या हातावर आले आणि थांबले. "हिशोबच नाही घालायचा," म्हणाले.

एवढ्यावर थांबते तर दादा साधे हौशी ठरले असते. पण त्यांना डोंगल मिळालं. प्रत्येक नव्या गाडीत स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात आगपेटीएवढं डोंगल खुपसलं की गाडी मोबाईलशी बोलायला लागते. पाण्याचं तापमान, टर्बोचं प्रेशर, कुठला सेन्सर रुसलाय, सगळं पडद्यावर. तेव्हापासून दादा लग्नाला गेले की मांडवात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त असतात. वऱ्हाडातल्या गाड्यांची नाडी बघतात. एका व्याह्यांच्या गाडीत त्यांना बिघाडाचा कोड सापडला. जेवणं उरकेपर्यंत व्याही घाबरलेले आणि दादा खुशीत. कोड सापडला की दादांचा उपाय एकच: खोडून टाकायचा. दिवा विझला म्हणजे रोग गेला.

ही विद्या सातासमुद्रापार गेली तिथं घोटाळा झाला. दादांचा भाचा कॅलिफोर्नियात आहे. त्यानं एक जुनी जपानी पेट्रोल गाडी घेतली आणि मामावर गेल्यामुळं तिचंही काहीबाही करून ठेवलं. तिकडं दर दोन वर्षांनी स्मॉग चेक असतो. भाच्याच्या गाडीचा दिवा लागलेला, तपासणी दुसऱ्या दिवशी. त्यानं मामाला फोन लावला.

"मामा, काय करू?"

"काहून घाबरतोस? बॅटरीचं टर्मिनल काढ, दहा मिनटं थांब, परत लाव."

भाच्यानं तसं केलं, दिवा गेला आणि गाडी नापास झाली.

तिकडं २००० आणि त्यापुढच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालत नाहीत. त्याच सोळा पिनांत वायर जोडतात आणि गाडीच्या संगणकालाच विचारतात. दिवा लागलाय का एवढंच विचारत नाहीत, तर तू स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यास का, हेही विचारतात. कॅटॅलिस्टची, ऑक्सिजन सेन्सरची, पेट्रोलच्या वाफेची अशी प्रत्येकाची वेगळी तपासणी. त्यांना मॉनिटर म्हणतात. बॅटरी काढली की सगळे मॉनिटर कोरे होतात आणि संगणक उत्तर देतो: तयार नाही. पेट्रोलच्या वाफेचा एक मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकीचे नाही. शिवाय कायमचे कोड म्हणून एक प्रकार असतो. तो बॅटरी काढूनही जात नाही, दोष खरोखर गेला की गाडी स्वतःच पुसते. जुलै २०२१ पासून तर तिथं इंजिनचं सॉफ्टवेअर मूळचं आहे की कुणी लॅपटॉपवाल्या पोरानं बदललंय, तेही तपासतात.

हे ऐकून दुसरा कुणी ओशाळला असता. दादा पेटले. भाच्यानं मॉनिटर पूर्ण करण्याची रीत सांगितली. गाडी रात्रभर थंड ठेवायची, सकाळी चालू करून जागेवर थोडा वेळ गुरगुरू द्यायची, मग ऐंशी-नव्वदच्या वेगानं एकसारखी पळवायची, मग ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक न लावता आपोआप मंदावू द्यायची. तिकडं याला ड्राइव्ह सायकल म्हणतात. दादांनी ती हिंगोली-औंढा रस्त्यावर करायचं ठरवलं.

आता त्या रस्त्यावर ब्रेक न लावता जायचं म्हणजे म्हशी, गतिरोधक आणि हळदीनं भरलेले ट्रॅक्टर या तिघांची संमती लागते. मागच्या सीटवर आई होत्या. नागनाथाच्या दर्शनाला न्यायचं सांगून त्यांना बसवलेलं. औंढा आलं, कळस दिसला, आईंनी पदर सावरला. दादांनी स्टेअरिंगवरचा एक हात उचलून छातीला लावला आणि गाडी पुढं काढली.

"अरे, देऊळ मागं गेलं की!"

"आई, आता थांबलं तर मॉनिटर तुटंल."

"कोण तुटंल?"

परतताना तरी थांबशील, या आशेवर माउली बसून राहिली. परतताना दुसरी सायकल होती.

ही सगळी मेहनत कुणासाठी, हे मी एकदा विचारलं. आपल्याकडं पीयूसीवाला सोळा पिनांकडं ढुंकून बघत नाही. बीएस सहाच्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, गाड्यांची स्वतःवरची पाळत आणखी कडक झाली, पण पेट्रोल पंपाजवळच्या त्या व्हॅनमधलं मशीन अजून धूरच मोजतं. दादा म्हणाले, "उद्या लावतील की. आपण तयार असलेलं बरं." आणि मोबाईल पुढं केला. ओळीनं हिरव्या खुणा. "सगळं हिरवं!"

तोच फोटो त्यांनी भाच्याला पाठवला. तिकडून उत्तर आलं: "मामा, पार्टिक्युलेट फिल्टरची ओळ कुठंय?"

ओळ नव्हतीच. लॅपटॉपवाल्या पोरानं डीपीएफचा विषयच बंद केला होता, त्यामुळं गाडी त्याबद्दल ना तक्रार करत होती ना त्याचा पेपर देत होती. गणिताचा पेपर वगळून पोरगा पहिल्या वर्गात पास झाला होता. दादांना हे कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ते म्हणाले, "मग तर अजूनच चांगलं."

पीयूसीची मुदत संपली तेव्हा नवी काढावी लागली. ती नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड, हे दादांनाही ठाऊक. व्हॅनवाल्या पोरानं आधी नंबर प्लेटचा फोटो घेतला. फोटोत 'दादा' आलं, पण सिस्टिमला ४१४१ पाहिजे होता. कंपनीची मूळ प्लेट डिकीत, सतरंजीखाली सापडली. ती हातानं धरून उभं राहायचं काम दादांच्या पुतण्याकडं गेलं. मग नळी लावली.

"मामा, दाबा फुल. सोडा. परत दाबा."

दादांनी दाबला. बाजूच्या चहावाल्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं. पुतण्या प्लेटसकट दिसेनासा झाला. बीएस सहा डिझेलला धुराचा आकडा ०.७ च्या आत लागतो. बीएस चारला १.६२ चालतो आणि त्याआधीच्या गाड्यांना २.४५. दादांच्या गाडीचा आकडा आपल्या वडिलांच्या पिढीलाही मागं टाकून गेला.

दादांनी मोबाईल काढून पोराला हिरव्या खुणा दाखवल्या. पोरगा म्हणाला, "मामा, माझ्या मशीनला तुमचा मोबाईल दिसत नाही."

डीपीएफ परत बसवायला हवा, हे आता दादांना मान्य आहे. तो काढल्यापासून गोठ्यात पडला होता. मध्यंतरी भंगारवाल्यानं त्याला चांगला भाव दिला, म्हणून विकून टाकला. नव्याची किंमत ऐकून दादांनी गाडीच विकायला काढलीय. जाहिरातीत लिहिलंय: 'सिंगल ओनर, पिकअप जबरदस्त, कुठलाही दिवा लागत नाही.' सोबत हिरव्या खुणांचा फोटो.

जुनी बीएस सहा डिझेल घ्यायला कुणाकडंही गेलात, तर तो फोटो बाजूला ठेवा आणि इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा. डीपीएफ जागेवर आणि धड असेल तर बोटाला काजळी जवळजवळ लागत नाही. बोट काळं झालं तर चहा घ्या, रामराम करा आणि घरी या.