खरी संपत्ती

मनुष्यबळ या विषयाचे वृत्तांकन करणाऱ्या पत्रकाराला बातमी सुचवणे, ज्याला जनसंपर्काच्या परिभाषेत 'पिच' म्हणतात, ही साहित्यसेवाच होय अशी प्रस्तुत लेखकाची ठाम धारणा असून, मेलला उत्तर न आल्याने ती यत्किंचितही डळमळत नाही. उलट, 'मेल मिळाला का?' असे विचारणारा फोन, ज्याला 'फॉलोअप' हे भारदस्त नाव आहे, नेमका सायंकाळी, पत्रकार बातमी पूर्ण करण्याच्या घाईत असतानाच केला जातो.

सोबतच्या प्रसिद्धिपत्रकात कंपनीच्या मनुष्यबळप्रमुखांच्या तोंडी एक विधान घातलेले असते. ते बहुधा त्यांनी उच्चारलेले नसून जनसंपर्कवाल्याने रचलेले असते, आणि 'आमचे कर्मचारी हीच आमची खरी संपत्ती' हे वाक्य त्यात येतेच. या संपत्तीचा माग काढणे विषयांतर असले, तरी मोह आवरत नाही. कंपनीच्या ताळेबंदात इमारती, यंत्रे, फार काय खुर्च्याही मालमत्तेत धरल्या जातात. त्या खुर्च्यांवर बसणारी माणसे मात्र, त्यांच्यावर कंपनीची मालकी नसल्याने, नफा-तोटा पत्रकात 'कर्मचारी लाभ खर्च' या शीर्षकाखाली सापडतात. कर्मचाऱ्यांच्या भावी पगाराची आजची किंमत काढून त्यांचे मूल्य ठरवण्याची लेव्ह आणि श्वार्ट्झ यांची 1971 ची पद्धत वापरून भेल आणि इन्फोसिस यांनी असे आकडे वार्षिक अहवालात छापलेही. पण ते पुरवणी माहिती म्हणून, आणि अधिकृत ताळेबंदात मान राहिला तो खुर्च्यांनाच.

पत्रकाराचे उत्तर आलेच तर एका ओळीचे असते : गळती किती? गळती म्हणजे वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्यांचे एकूण कर्मचाऱ्यांशी असलेले प्रमाण. त्यावर 'ही माहिती गोपनीय आहे' असे अत्यंत अदबीने कळवले जाते. वस्तुतः बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमामुळे 2022-23 पासून हा दर जाहीर करावाच लागतो, आणि पत्रकाराने तो आधीच वाचलेला असतो.

चीड येते ती कपातीच्या आठवड्यात. तेव्हाही कार्यालयातील योगसत्राची छायाचित्रे पाठवण्याचा आदेश येतो, आणि दुसऱ्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या माणसाचे ओळखपत्र अजून दार उघडते की नाही, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. पत्रकाराला हवा असतो तो नेमका हाच माणूस. आणि त्याची गाठ घालून देण्याचा अधिकार सोडून बाकी सारे, अगदी दिवाळीच्या सुक्यामेव्याच्या डब्यापर्यंत, जनसंपर्क खात्याच्या हाती असते.