काका कॅमेरा घेतायत म्हणे!

"अगो, ऐकलंस का? आमच्याकडे कॅमेरा येतोय!"

गडग्यापलीकडे काकू उन्हात पसरलेली कोकमाची सोलं उलथत होत्या. आवाज मुद्दाम चढा लावलेला, म्हणजे पडवीत पेपर वाचणाऱ्या काकांनाही बातमी ऐकू जावी.

"कुठला घेतायत?"

"मला काय ठाऊक कुठला! पाऊण लाखाचा आहे एवढं कळलं. निवृत्त होऊन वर्ष नाही झालं आणि ही थेरं! पोरगा पुण्याहून ओरडतोय, बाबा, तुमच्या खिशात 200 मेगापिक्सेल आहेत, आणखी किती हवेत? तर हे म्हणतात, त्या फळकुटाला मी कॅमेरा म्हणणार नाही. आता तूच सांग, पोराचं खरं की बापाचं?"

बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ. त्यामुळे आळीतले असले तंटे निवाड्याला माझ्याकडेच येतात. पूर्वी लोक रोल कुठला चांगला ते विचारायचे, मग डिजिटल कुठला घेऊ म्हणायचे, आता फोन की कॅमेरा.

"दोघांचंही थोडं थोडं खोटं आहे, काकू."

"झालं! तूही दोन्ही दगडांवर पाय ठेव."

"नाही हो. आधी त्या 200 चं ऐका. एरवीचा फोटो काढताना असला फोन 16 ठिपके मिळून एक ठिपका करतो. हातात पडतो तो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. आणि आपल्या अल्बममधल्या 4 बाय 6 च्या प्रिंटला लागतात किती? 2 च्या जरासे वर. भिंतीवर ए-फोरची फ्रेम लावलीत तरी 9 पुरे. मेगापिक्सेल मोजायचे दिवस केव्हाच सरले."

"म्हणजे फोनच बस्स!"

"प्रिंटपुरता बस्स. आणि तुम्ही फोटो पाठवता कुठे? व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथं साधा पाठवलेला फोटो बारीक करूनच पुढे जातो. काकांनी महागड्या कॅमेऱ्यातून आंब्याचा मोहोर टिपला काय आणि तुम्ही फोनवर टिपलात काय, सुनेच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसायचे. एचडी दाबून पाठवा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तर काही फरक शिल्लक राहील."

"सेन्सरचं सांग की तिला!" पडवीतून पेपरमागून आवाज आला. काका इतका वेळ वाचत नव्हते तर.

सेन्सर काकूंना कसा सांगायचा, हा प्रश्नच होता. "काकू, पावसात पागोळीखाली एक वाटी ठेवली आणि शेजारी घंगाळ ठेवलं, तर पाणी कशात जास्त साठेल?"

"घंगाळात. पोरखेळ विचारू नकोस."

"उजेडाचं तेच. चांगल्या महागड्या फोनचा सेन्सर धरून चाला 10 मिलिमीटर रुंद आणि साडेसात उंच. काका बघतायत त्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळ जवळजवळ पाचपट झालं. फुल फ्रेम असेल तर 36 बाय 24, म्हणजे अकरा-बारापट."

"ऐकलंस?" काका पेपर घडी करून उभेच राहिले.

"पण काका, बरोबर किट लेन्स घेणार ना? तिचं तोंड उघडतं एफ 3.5 पर्यंत, आणि झूम केलं की 5.6 वर येतं. हा आकडा वाढला की तोंड लहान. फोनची मुख्य लेन्स एफ 1.8 च्या आसपास असते. म्हणजे घंगाळ आणलंत आणि वर झाकण ओढून ठेवलंत. रात्री ट्यूबलाइटखाली नातवाचा फोटो काढाल, तर पाचपट सेन्सरचा फायदा त्या लेन्समध्येच जिरेल. आमच्याकडे लोक येऊन म्हणतात, एवढे पैसे घातले आणि फोनसारखाच फोटो येतोय. येणारच! 50 एमएमची एफ 1.8 वाली एखादी लेन्स 20 हजारांच्या आत-बाहेर मिळते. ती लावा, मग बघा मजा."

काका पुन्हा बसले. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र पहिली फेरी जिंकल्याचं समाधान.

"मग फोनमधले फोटो इतके चकचकीत कसे गो येतात? गणपतीत मखराच्या माळा लखलखत होत्या, मागे सगळा काळोख, तरी मूर्तीचा चेहरा कसा स्पष्ट आला होता!"

"कारण तो एक फोटो नव्हता. तुम्ही बटण दाबायच्या आधीपासूनच फोन भराभर फोटो घेत असतो. दाबलंत की त्यातले काही एकावर एक बसवतो, काळोखाचा भाग उजळतो, माळांचा झगमगाट आवरतो आणि मग तुम्हाला दाखवतो. गूगलनं 2018 साली पिक्सेल फोनमध्ये अंधारातल्या फोटोंची सोय आणली, तेव्हापासून सगळेच त्यामागे लागले. वाटी छोटी होती, म्हणून त्यांनी ती पुन्हा पुन्हा भरून घेतली, एवढंच."

"हुशार आहे मेला!"

"आहेच. पण समोरचा हलला की हुशारी संपते. शिमग्यात भैरीची पालखी नाचवतानाचे तुमचे फोटो आठवा."

काकू हसल्याच. "हो गो! खांद्यावर पालखी, आणि खाली माणसंच नाहीत. नुसते फेटे आणि धूर!"

"मूर्ती मखरात बसून राहते, म्हणून पाच-दहा फोटो एकमेकांवर नीट बसतात. पालखी नाचते, माणसं उड्या मारतात, ती कशावर काय बसवणार? तिथे सेकंदाच्या 250 व्या भागात काम उरकायला हवं. त्याला मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाची लेन्सच पाहिजे."

"दुसरी फेरी माझी," पडवीतून जाहीर झालं.

गप्पा कॅमेऱ्यावरून माणसांवर न घसरल्या तर ती आमची आळी कसली! काकू गडग्याशी आणखी सरकल्या, आवाज उतरवला. "ते खालच्या आळीतल्या मुलीच्या स्थळाचं कळलं ना तुला?"

मला कळलं होतं, पण न कळल्यासारखं केलं.

"मुलीनं आपला फोटो आपणच काढून पाठवला. बघायला आले तर मुलाची आई विचारते, ही थोरली का? अगो, तिच्या गालावर एवढा तीळ आहे, तो फोटोत नाहीच! रंगही दोन हात पुढे. आणि नाक मात्र जास्तच मोठं. जमलं शेवटी, पण आधी अर्धा तास सगळे तिच्या गालाकडेच बघत बसले होते."

"तीळ ब्यूटी मोडनं पुसला असेल. काही फोनांत तो आधीच चालू असतो, आपल्याला पत्ताही नसतो. कातडीवरचं जे काही दिसेल ते डाग समजून गुळगुळीत करायचं, एवढंच त्याला ठाऊक. नाकाचं कारण वेगळं. हातभर अंतरावरून फोटो काढला की जे पुढे असतं ते मोठं दिसणारच. चार पावलं मागं जाऊन जरा लांबच्या लेन्सनं काढला असता, तर नाक जागच्या जागी राहिलं असतं. स्टुडिओत आम्ही दुसरं करतो काय?"

"बाई, तुझी जाहिरात नको."

"जाहिरात नाही हो. सांगायचं एवढंच, की फोन समोरचं जसंच्या तसं देत नाही, तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून देतो. 2023 साली सॅमसंगच्या फोनवरून केवढा गाजावाजा झाला होता! चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो एकानं स्क्रीनवर ठेवला, फोननं त्याचा फोटो काढला, तर त्यात खड्डेबिड्डे उमटले. कंपनीनंच मग सांगितलं, की चंद्र ओळखून त्याचे बारकावे उठावदार करायची योजना फोनमध्ये आहे."

"म्हणजे कोजागिरीचा माझा चंद्र..."

"तुमचाच. थोडा त्यांचाही."

काकूंनी हे फारसं मनावर घेतलं नाही. "मला मेलीला चंद्र गोल दिसला म्हणजे झालं. नातू खाली पडायच्या आत फोटो निघाला पाहिजे. कॅमेरा कपाटातून काढा, पिशवीतून काढा, टोपण उघडा, तोवर पोर रडून झोपून जाईल. फोन कसा कमरेलाच असतो."

हा मुद्दा बिनतोड होता, आणि जगानंही तो मान्य केलाय. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा. 2010 साली त्यांनी जगभरात 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते. 2023 मध्ये तो आकडा 77 लाखांच्या आसपास आला. खिशात मावणारे छोटे कॅमेरे तर फोननं जवळजवळ गिळलेच. कॅसिओनं 2018 मध्ये ते दुकान बंद केलं, ऑलिम्पसनं 2021 च्या सुरुवातीला आपला कॅमेऱ्याचा धंदाच विकून टाकला.

"मग आमच्या भाचीला कसलं खूळ लागलंय?" काकूंनी विचारलं. "हजारो रुपयांचा फोन हातात, आणि तिनं कुणाचा तरी अडगळीतला जुना डिजिटल कॅमेरा पैसे मोजून घेतला. फ्लॅश मारला की सगळ्यांचे चेहरे पिठासारखे पांढरे. म्हणे भारी दिसतं."

"ते सगळीकडेच चाललंय. फोनचे फोटो इतके नीटनेटके यायला लागले, की पोरांना त्याचाच कंटाळा आला. फुजीफिल्मचा एक्स 100 नावाचा कॅमेरा आहे, त्याची लेन्स बदलता येत नाही, झूमही होत नाही. तरी 2024 मध्ये त्याचं नवं मॉडेल आलं, तेव्हा लोक महिनोन्महिने वाट बघत बसले होते."

आता काका पेपर ठेवून गडग्यापाशीच आले. "मला त्या फॅशनशी कर्तव्य नाही. मागच्या वडावर धनेश येतो, तो मला टिपायचाय. फोनवर काढला तर नुसता काळा ठिपका, मोठा केला की चिखल. आणि मुलगा ताडोबाला नेतो म्हणतोय. तिथे सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, कॅमेरा चालतो. बोल आता!"

"धनेशापुढे मी हरले. फोनचं झूम थोड्या अंतरापर्यंत खरं, पुढे नुसतं ताणणं. पण काका, पाऊण लाखात कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सनंसुद्धा वडाच्या शेंड्यावरचा धनेश छोटाच येईल. पाखरांची 600 एमएमपर्यंतची लेन्स घ्यायची तर वेगळे लाखाच्या घरात पैसे मोजावे लागतील."

हे 'लाख' काकूंनी लगेच टिपलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढच्या वेळी स्टुडिओत पासपोर्ट फोटोलाही येणार नाहीत.

"आणि पावसाळ्याचं काय?" मी विषय बदलला. "आपल्याकडे जुलैत चपलांनासुद्धा बुरशी येते. दर वर्षी गणपतीच्या तोंडावर कुणीतरी कॅमेरा घेऊन येतं, म्हणतं, फोटो धुरकट येतायत. टॉर्च मारून बघावं तर लेन्सच्या आत पांढरे बारीक धागे पसरलेले. चामड्याच्या पाऊचमध्ये घालून कपड्यांच्या कपाटात ठेवलेला असतो. कुणी तांदळाच्या डब्यात ठेवतात, तर पीठच आत शिरतं. आमच्याकडे ड्राय कॅबिनेट आहे, 40 ते 50 टक्क्यांवर दमटपणा धरून ठेवतं. ते नको असेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल तरी हवंच. पण खरं औषध एकच. कॅमेरा वरचेवर बाहेर निघाला पाहिजे, हातात खेळला पाहिजे. पडून राहिला की गेला."

काकू थोडा वेळ सोलं उलथत राहिल्या. मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "कॉलेजात ह्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये 12 फोटो. लग्न ठरल्यावर मला बघायला म्हणून आले, तेव्हा त्यातले 4 उरले होते. चारही माझे काढायला तासभर उन्हात उभी केली होती. एकदा इकडून, एकदा तिकडून."

"ऊन बदलायची वाट बघत होतो," काका म्हणाले. "फोनवर मला काही करायलाच उरत नाही गो. उजेड तो ठरवतो, रंग तो ठरवतो, हसताय की नाही तेही तोच बघतो. मी नुसतं बोट लावायचं."

इतक्या वेळच्या निवाड्यात मला जे नेमकं सांगता येत नव्हतं, ते काका बोलून गेले. रोजचा फोटो चांगला यावा म्हणून कॅमेरा घ्यायची गरज आता खरंच राहिलेली नाही. नातवाचं रांगणं, पानातल्या मोदकांचं ताट, दारातली रांगोळी, यांना फोनच बरा. वाट बघायची, उजेड निवडायचा, चार फोटो फुकट घालवायचे आणि पाचव्यासाठी पुन्हा त्याच जागी जायचं, ही ज्याला हौस आहे त्यानं कॅमेरा घ्यावा. ज्याला ती नाही त्यानं पाऊण लाख बँकेत ठेवावेत, निदान बुरशी तरी लागणार नाही.

"तर काका," मी म्हटलं, "नव्याच्या मागे लागू नका. आता सगळे बिनआरशाच्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळलेत, त्यामुळे आरशावाले जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात. मुंबईत व्हीटीसमोरच्या बोरा बाजारात जा, पण घेण्याआधी शटर किती वेळा पडलंय ते बघा, लेन्समध्ये टॉर्च मारा आणि बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बरोबर 50 एमएम घ्या. दोन मोसम त्यावर काढा. तेव्हाही धनेशाची ओढ उरली, तर मोठ्या लेन्सचं बघू."

"किती होतील सगळे?" हा प्रश्न अर्थातच काकूंचा.

"पाऊण लाखाच्या निम्म्यात बसवू."

"मग चालेल. पण तो सिलिका का काय त्याचा डबा माझ्या कडधान्यांच्या फडताळात नको. आणि पोराला काय सांगू? तो म्हणेल, आईनंच फितुरी केली."

"सांगा, फोटोंसाठी फोन पुरेसा होता. कॅमेरा बाबांसाठी घेतलाय."

काका खूश होऊन आत गेले, बहुधा पुण्याला फोन लावायला. काकूंनी सोलांचं शेवटचं सूप सारखं केलं, हात पदराला पुसले आणि पुन्हा गडग्यावर कोपर टेकलं.

"बरं, ते जाऊ दे. आरे-वाऱ्याच्या समुद्रावर ड्रोन उडवून लग्नाआधीचे फोटो काढले ना, त्या दोघांचं काही खरं नाही म्हणे. तुमच्याकडेच होती ना अल्बमची ऑर्डर? सांग, सांग, काय झालं नेमकं?"