रेकॉर्डवरचे वकीलसाहेब

तुमच्याही तालुक्यात ते असणारच. काळा कोट उन्हाने तपकिरी झालेला, स्कूटरच्या डिकीत वकालतनामे आणि तोंडात एकच वाक्य: "हे रेकॉर्डवर घ्या!" आमच्या वकीलसाहेबांनी कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहात साखर कमी पडल्याचंही रेकॉर्डवर घ्यायला लावलं होतं. पोऱ्याने भजीच्या कागदावर लिहून दिलं, यांनी खाली तारीख घातली. बारशाला आत्याने बाळाच्या कानात सांगितलेलं नाव त्यांनी ऐकीव पुरावा म्हणून अमान्य केलं. चारचौघांत, मोठ्याने, पुन्हा सांगायला लावलं.

असा माणूस आमदार होणारच. आमचा तालुका बांधाच्या भांडणांवर जगतो, त्यामुळे निम्मे मतदार त्यांचे पक्षकार. जिंकलेल्यांनी उपकार स्मरून मत दिलं. हरलेल्यांनीही दिलं, निदान मुंबईला तरी जातील म्हणून.

विधानसभेत २८८ जण, त्यांत हे एक. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यांनी तारांकित प्रश्न टाकला: अमुक नाल्यावरचा पूल वाहून गेला, हे खरे आहे काय? छापील उत्तर आलं: "हे अंशतः खरे आहे." पूल अंशतः कसा वाहून जातो, हे विचारायला साहेब उठले आणि आयुष्यभर न्यायाधीशांपुढे गिळलेला एक सणसणीत शब्द निसटला. तो कामकाजातून काढून टाकला गेला. त्या रात्री आमदार निवासात साहेब जेवले नाहीत म्हणे.

पुढे मात्र सुधारले. इतके, की बदल्या आणि ठेके यांचं बोलणं गाडीतच, काचा वर करून. कुणी वही काढली की म्हणायचे, "मिट आधी ती."

त्यांचं कौतुक करायचं माझ्या मनात नव्हतं. पण एका बाईची शेतात जायची वाट भाऊबंदांनी अडवली, तेव्हा १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांपुढे तिचा दावा यांनीच चालवला. फी नाही, टायपिंगचे पैसेही पदरचे. वाट मोकळी झाली. निवडणुकीच्या पत्रकात मी ते घातलं, तर लाल पेनाने खोडलं. "तिला त्याच गावात राहायचंय. तिचं नाव कशाला रेकॉर्डवर?"

गेल्या खेपेला पडले. परवा बाररूममध्ये दिसले. कोटाचं बटण लागत नव्हतं. मी म्हटलं, "काय साहेब, राजकारण सोडलं म्हणे?"

"हे अंशतः खरे आहे," म्हणाले आणि चहाचे पैसे माझ्या नावावर मांडायला लावले.