परदेशात आजारी कसं पडावं: नवशिक्यांसाठी चार सोपे धडे

प्रास्ताविक

आपल्याकडे आजारी पडणं कोणालाही जमतं. घसा धरला की कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला सांगायचं; तो गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देतो. ताप उतरलाच नाही तर डॉक्टरांकडे जाऊन “एक इंजेक्शन देऊन टाका” असं आपणच सुचवायचं. परदेशात एवढ्यावर भागत नाही. तिथे रुग्णाला शिकावं लागतं. म्हणून सुरुवात साध्या घसादुखीने करा. मुतखडा, अपेंडिक्स वगैरे पुढच्या इयत्तेत. प्रत्येक देशात पाय ठेवताच एकच प्रश्न विचारा: इथे पैसे कधी मोजायचे?

धडा 1: ब्रिटन (पैसे आजारापूर्वी)

5 जुलै 1948 रोजी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. तेव्हापासून डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत. तुमचे ते आधीच पडलेले असतात: 2024 पासून प्रौढांना व्हिसाबरोबर वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार, विद्यार्थ्यांना 776.

कृती: पोहोचताच, ठणठणीत असतानाच, जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. घसा धरला की सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावा. त्याच क्षणी निम्मं गाव फोन लावत असतं. तत्काळ तिकीट काढून हात बसलेल्यांना हा भाग सोपा जाईल. भेट मिळेपर्यंत घसा आपोआप बरा झाला, तर उपचार यशस्वी झाले असं समजा.

विशेष सूचना: इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला 2024 पासून 9.90 पौंड पडतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेच फुकट मिळतं. तेव्हा घसा धरायचाच असेल तर एडिंबरात राहून धरावा.

धडा 2: जर्मनी (पैसे दरमहा)

चॅन्सेलर बिस्मार्कने 1883 मध्ये कामगारांसाठी आरोग्यविम्याचा कायदा आणला. आज बहुतेक नोकरदारांच्या पगाराच्या 14.6 टक्के आणि वर थोडा जादा हप्ता विमा निधीत जातो; निम्मा भार मालक उचलतो. पगाराची चिठ्ठी पाहून धडधड वाढली, तर तिची तपासणीही याच विम्यात बसते.

कृती: प्रतीक्षागृहात शिरताना सगळ्यांना मिळून “गुटेन टाग” म्हणा. न म्हणणारा सर्वांत गंभीर रुग्ण समजला जातो. डॉक्टर घसा पाहतील आणि गरम चहा प्या, झोपा, कामावर जाऊ नका, असं सांगतील. अँटिबायोटिकची वाट पाहू नका. आजी हेच सांगायची आणि आपण ऐकत नव्हतो. इथे डॉक्टर तेच लिहून देतात आणि मालक सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार देतो. फक्त रविवारी आजारी पडू नका. औषधांची दुकानं बंद असतात आणि पाळीवर उघडं असलेलं नेमकं गावाच्या दुसऱ्या टोकाला निघतं.

धडा 3: जपान (पैसे जागेवर)

1961 पासून इथे प्रत्येकाला विमा आहे. बहुतेकांनी खर्चाच्या 30 टक्के रक्कम खिडकीवर भरायची, आणि दरपत्रक देशभर एकच असल्याने घासाघीस करायची हौस आवरायची. कोणत्याही दवाखान्यात सरळ जाता येतं. मोठ्या रुग्णालयांबद्दल “तीन तास वाट, तीन मिनिटं तपासणी” असं जपानी माणसंच म्हणतात. तेव्हा लक्षणं आधीच पाठ करून जा. मावशीला मागच्या वर्षी असंच झालं होतं, हा भाग गाळा.

सावधान: आईने बॅगेत कोंबलेला औषधांचा डबा विमानात बसण्याआधी उघडा. 10 टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. नाक चोंदलेलं चालेल, कस्टमवाल्यासमोर घाम फुटायला नको.

धडा 4: अमेरिका (पैसे नंतर, पुन्हा नंतर)

हा धडा पदव्युत्तर आहे. घसा दाखवण्याआधी डॉक्टर तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे का ते पाहा. मग ‘को-पे’, म्हणजे भेटीमागे तुमचा ठरलेला वाटा, भरा. मग ‘डिडक्टिबल’ समजून घ्या: तेवढी रक्कम तुमच्या खिशातून जाईपर्यंत बहुतेक खर्चाच्या बाबतीत विमा तुमच्याकडे नुसता पाहत असतो. काही आठवड्यांनी एक पत्र येईल. त्यात बिलासारखे आकडे असतील आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं असेल, ‘हे बिल नाही’. आनंद मानू नका. बिल मागून येत असतं. ते आलं की लगेच पैसे न भरता तपशीलवार बिल मागवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. वाण्याची यादी तपासणारी आई इथे फार उपयोगी पडते.

तातडीची वेळ आली तर 1986 चा कायदा तुमच्या बाजूने आहे: पैसे नसले तरी इमर्जन्सी विभागाला तुम्हाला तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल पाठवू नये, असं मात्र तो कायदा म्हणत नाही. अनपेक्षित बिलांपासून वाचवणारा कायदा 2022 मध्ये लागू झाला, पण रस्त्यावरून धावणारी अँब्युलन्स त्यातून वगळली आहे.

आईबाबा न्यू जर्सीला सहा महिने राहायला येणार असतील, तर त्यांच्या प्रवासी विम्यातलं ‘पूर्वीचे आजार’ हे कलम सर्वांत आधी वाचा. गुडघा भारतात एकदा दुखला असेल, तर अमेरिकेतही तो जुनाच ठरतो.

स्वाध्याय

1. वरीलपैकी कोणत्या देशात उपचार फुकट आहेत? (सूचना: प्रश्नच चुकीचा आहे. कोणाच्या खिशातून आणि कधी, ते लिहा.)

2. सुट्टीत पुण्याला आला आहात. डॉक्टरांचा नंबर तासाभरात लागला, रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला आणि खाजगी रुग्णालयाने दाखल करून घेण्याआधी डिपॉझिट मागितलं. यापैकी कोणती गोष्ट परतल्यावर मित्रांना सांगाल आणि कोणती सोयीस्करपणे विसराल? (10 गुण)