गैरहजराची हजेरी

संकोची माणूस स्वभावतःच निरुद्योगी असतो, अशी जी समजूत बोलघेवड्या लोकांनी रूढ करून ठेवली आहे, तिच्याइतकी निराधार समजूत दुसरी नसेल. कारण चारचौघांत तोंड उघडण्यास जेवढे श्रम पडतात, त्याच्या दसपट श्रम ते न उघडता जगाचे व्यवहार पार पाडण्यास पडतात, आणि हे श्रम मी १९५० सालच्या जून महिन्यापासून सबंध एक वर्ष पुण्यात उपसले आहेत.

नगरहून मी एस.टी.ने आलो. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली ती ह्याच नगर-पुणे मार्गावर, आणि त्या मार्गाचे अखेरचे टोक पुणे हेच असावे, हा मी माझ्यावरचा सरकारी उपकार समजत आलो आहे. मधल्या एखाद्या गावी उतरावयाचे म्हणजे भर गाडीत कंडक्टरला हाक मारणे आले. पुणे विद्यापीठही तेव्हा नवखेच होते. १९४९ साली त्याची स्थापना झाली होती, आणि गणेशखिंडीतील ज्या प्रासादात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर पावसाळा घालवीत, तिथे त्याचे दफ्तर थाटले गेले होते. फरक एवढाच, की विद्यापीठाच्या वतीने बोलावयास कुलगुरू बॅ. जयकरांसारखा नाणावलेला वक्ता होता, आणि माझ्या वतीने बोलावयास कोणीही नव्हते.

ह्याची पहिली झळ खाणावळीत लागली. ‘खाडा आदल्या दिवशी सांगावा’ अशी पाटी गल्ल्यामागे टांगलेली असे, आणि तिच्याखाली कानाला पेन्सिल खोचून मालक सुतळीने बांधलेल्या वहीत हिशेब लिहीत बसलेले असत. सुटीला घरी जाण्याच्या आदल्या रात्री, खाड्याचे वाक्य मनाशी घोकून, मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राही. बऱ्याच वेळाने चष्म्यावरून पाहत ते विचारीत, “काय हो, काय हवंय?” आणि मी “काही नाही, बडीशेप” असे म्हणून चिमूटभर बडीशेप उचलून बाहेर पडे. माझ्या माहितीप्रमाणे त्या काळी सदाशिव पेठेत एवढी महाग बडीशेप दुसऱ्या कोणी खाल्ली नसेल.

परंतु खाणावळीत केवळ पैशांची हानी होती. कॉलेजात प्रश्न अस्तित्वाचा होता. वर्गात आम्ही दीडशेच्या आसपास मुले, त्यामुळे प्राध्यापक नावे न घेता कॅटलॉगातील नंबर पुकारीत. माझा नंबर त्र्याऐंशी. पंचाहत्तरीच्या सुमारास माझ्या घशाला कोरड पडू लागे, ऐंशीला मी खाकरून घेई, आणि प्रत्यक्ष त्र्याऐंशीचा उच्चार होताच, अडलेल्या म्हशीप्रमाणे माझे ‘प्रेझेंट सर’ आतल्या आत अडून बसे. ते बाहेर पडे तोवर चौऱ्याऐंशीचा पुकारा झालेला असे. अर्थात चौऱ्याऐंशीला दोन आवाज उठत, आणि त्या निरपराध गृहस्थावर प्रॉक्सीचा आरोप येऊन त्याची वर्गासमक्ष झडती निघे. दुसऱ्याच्या अब्रूचा विचार करून मी तोंड उघडण्याचा प्रयत्नच सोडून दिला.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. हजेरी अपुरी भरलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली, तीत त्र्याऐंशी अग्रभागी झळकला. हजेरी नाही तर टर्म मंजूर नाही, टर्म मंजूर नाही तर परीक्षा नाही, असा तो कायदा. माझ्या बाकावर बसणारा, किंबहुना जो आला तर तिथे बसे तो सोबती (त्याला आम्ही ‘वकीलसाहेब’ म्हणत असू) मात्र यादीत नव्हता. कारण तो आणि त्याचे तीन मित्र पाळीपाळीने एकेक जण वर्गात येऊन चौघांची हजेरी रुजू करीत, व उरलेले तिघे टेकडीवर हवा खात.

मी कचेरीत गेलो. “कॅटलॉग तर सांगतो तुम्ही येतच नाही,” हेडक्लार्क म्हणाले.

“रोज येतो.”

“साक्षीला कोण?”

मी पुष्कळ आठवून पाहिले. अखेर त्यांनीच लेखी अर्ज देण्यास फर्मावले, तेव्हा मला हायसे वाटले; कारण कागदावर मी वाघ आहे. रात्रभर जागून मी असा काही अर्ज लिहिला, की तो वाचून हेडक्लार्कांनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिले आणि विचारले, “हा कोणाकडून लिहून घेतलात?” दोन दिवसांनी अर्ज शेऱ्यासह परत आला. शेरा असा: ‘अर्जदाराने प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे समक्ष येऊन तोंडी निवेदन करावे.’

ह्या प्रसंगी वकीलसाहेब धावून आला. मला मागे उभे करून त्याने प्रिन्सिपॉलांपुढे अस्खलित इंग्रजीत निवेदन केले, की हा गृहस्थ प्रत्यही माझ्या शेजारी बसलेला मी स्वतः पाहिला आहे. साक्षीदाराची हजेरी कॅटलॉगात पडताळून पाहण्यात आली. ती शंभर टक्के निघाल्यामुळे त्याची साक्ष ग्राह्य धरण्यात आली आणि माझी टर्म वाचली.

त्या दिवसापासून माझा नंबर त्यांच्या पाळीत दाखल झाला. मी समोर वही उघडून बसलेला असे आणि शेजारचा वटमुखत्यार माझ्या वतीने, माझ्याहून कितीतरी अधिक आत्मविश्वासाने, मी आल्याची ग्वाही देई. प्रत्येक कॉलेजात ही सोय अधिकृतपणे असावी, असे माझे आजही मत आहे.

पुढे फेब्रुवारीत एकदा क्रिकेटच्या सामन्यासाठी चौघेही एकदमच गेले, आणि वर्गात हमखास येणारा म्हणून त्यांनी आपापले नंबर माझ्या हवाली केले. आश्चर्य असे, की बारा, सत्तेचाळीस, एकसष्ट आणि एकशेदहा ह्या चारही नंबरांना मी चार निरनिराळ्या आवाजांत, न अडखळता, खणखणीत ‘प्रेझेंट सर’ म्हटले; एकसष्टला तर मी किंचित खर्जही लावला. त्या दिवशी आमच्या मंडळींपैकी कॅटलॉगात गैरहजर लागला तो एकटा त्र्याऐंशी.