पूर्ण समाधानी

साखरेची तपासणी पोलादपुरात होत नाही असं नाही. सरकारी दवाखान्यात होते, फुकटही होते. पण तिथली सिस्टर आमच्या आळीतली, आणि आंब्याची पेटी खांद्यावरून घरी नेताना तिने मला दोनदा पाहिलेलं. म्हणून जूनच्या पहिल्या पावसात, उपाशीपोटी, मी एसटीने महाड गाठलं. तिथे आपल्याला कोण ओळखतंय!

तयारी जय्यत होती. दोन दिवस नाचणीची भाकरी आणि कारल्याची भाजी. आदल्या रात्री पुस्तक उघडून मॅट्रिक पास झालेला माणूस मी; रक्ताला काय फसवता येणार नाही?

केसपेपरच्या रांगेत नेमकी पुढे आमच्याच वाडीची आशाताई, तीन म्हाताऱ्यांना घेऊन. "काका, इथे कुठे?"

"चवदार तळं बघायला आलो होतो," मी म्हटलं. बाहेर धो धो पाऊस. ताईने तळ्याकडे नाही, माझ्या हातातल्या केसपेपरकडे पाहिलं.

उपाशीपोटीची साखर निघाली ११८. मी छाती फुगवली. डॉक्टर म्हणाले, "एचबीएवनसीपण पाठवू." मी मान डोलावली. ते साखरेचंच इंग्रजी नाव असावं असं वाटलं.

निघताना एक मुलगी रुग्णसमाधानाचा फॉर्म घेऊन आली. रांगेत किती वेळ गेला? गोळ्या मिळाल्या का? डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं का? सांगितलं होतं की! मला समजलं का, हे फॉर्मात नव्हतं, म्हणून मीही आपण होऊन बोललो नाही. सगळीकडे 'पूर्ण समाधानी'.

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते, हे नंतर कळलं. म्हणजे दोन दिवसांचं कारलं एका पारड्यात आणि एप्रिल-मेचा अख्खा हापूस दुसऱ्या. आकडा सातच्या आत हवा होता. आला ९.४.

आला तोही मोबाइलवर. नंबर देताना घाईत मी हिचा दिला होता.

ही काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात गोळ्या आणायला मात्र बरोबर आली. तीच मुलगी, तोच फॉर्म. या वेळी हिने भरला. खाली 'सूचना' अशी रिकामी ओळ होती, तिथे लिहिलं : "यांना पोलादपूरलाच पाठवा. तिथली सिस्टर ओळखीची आहे."